स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यांचा अभ्यासवर्ग: दादरमधील सहा शनिवार

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका लहान सभागृहात सलग सहा शनिवार संध्याकाळी पाच ते सात चाललेला अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. विषय होता स्पॅनिश सत्तेविरुद्ध अमेरिका खंडात आणि फिलिपिन्समध्ये झालेले स्वातंत्र्यलढे व त्यांच्यानंतरचे राजकारण. छापील टिपणांसह शुल्क १,८०० रुपये होते आणि ते मला मुळीच जास्त वाटले नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक लोक १८२४ ची आयाकुचोची लढाई, म्हणजे पेरूत स्पॅनिश सैन्याचा झालेला निर्णायक पराभव, सांगून झाली की थांबतात. येथे मात्र निम्म्याहून अधिक वेळ त्या विजयानंतर कोणाच्या पदरात काय पडले, या प्रश्नाला दिला होता.

पहिल्याच शनिवारी मागच्या रांगेतील एका काकांनी विचारले की, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले की, १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता, त्यामुळे वसई आणि मुंबईची बेटे तेव्हा त्याच राजाच्या नावावर होती. मग त्या १८०८ कडे वळल्या. नेपोलियनने सातव्या फर्नांडोला गादी सोडायला लावून तेथे आपल्या भावाला बसवले आणि १८१० मध्ये काराकास, बुएनोस आयरेस, बोगोटा येथील प्रतिष्ठितांनी समित्या स्थापून कारभार हाती घेतला, तो मात्र पदच्युत फर्नांडोच्याच नावाने. ‘खल्क खुदा का, मुल्क बादशहा का’ अशी दवंडी पिटून कंपनीचा हुकूम चालवला गेल्याचे ज्यांच्या पूर्वजांनी ऐकले, त्या आपल्यासारख्यांना हा डाव समजायला वेळ लागत नाही. या समित्यांतील बहुतेक जण क्रिओल, म्हणजे अमेरिकेत जन्मलेले स्पॅनिश वंशाचे लोक होते. मोठी पदे स्पेनहून आलेल्यांना मिळतात हा त्यांचा राग खरा होता, पण १७८० मध्ये पेरूत दुसऱ्या तुपाक अमारूच्या नेतृत्वाखाली झालेल्या इंडियनांच्या, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या, उठावाने बसलेली धास्तीही तितकीच खरी होती. पेरूतील क्रिओल स्वातंत्र्याला इतक्या उशिरा का तयार झाले, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच नीट कळले.

या वर्गाची खरी कमाई चौथा शनिवार. बाईंनी घडी घातलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेला स्टीलचा डबा फिरवला आणि प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलली. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘पेरूच्या डोंगराळ भागातील इंडियन शेतकरी, वर्षातून दोनदा डोईपट्टी भरतो.’ बाई साल सांगत आणि ज्याच्या आयुष्यात त्या साली काही बदलले त्याने उभे राहून ते वाचायचे. १८२१ ला मी उभा राहिलो: पेरूचे स्वातंत्र्य जाहीर करणारा सेनानी सान मार्तिन याने कर रद्द केला होता आणि यापुढे मला इंडियन न म्हणता पेरूचा नागरिक म्हणावे, असा हुकूम काढला होता. १८२६ ला पुन्हा उभा राहिलो: स्वतंत्र प्रजासत्ताकाने तोच कर नवे नाव देऊन परत बसवला होता. तिसऱ्यांदा उठलो ते थेट १८५४ ला, कर खरोखर गेला तेव्हा. माझ्या शेजारच्या ताईंकडे उसाच्या मळ्यावरील गुलाम स्त्रीची चिठ्ठी होती. २८ जुलै १८२१ नंतर तिच्या पोटी जन्मलेले मूल कायद्याने स्वतंत्र ठरत होते, ती स्वतः मात्र १८५४ पर्यंत नाही, आणि त्या वेळी भरपाई मिळाली ती मालकांना. ताईंचा आवाज वाचता वाचता बसला. आणखी एका चिठ्ठीतला व्हेनेझुएलाच्या माळरानावरील घोडेस्वार आधी स्पेनच्या बाजूचा सरदार बोव्हेस याच्याकडून प्रजासत्ताकाविरुद्ध लढला, मग स्वातंत्र्यवादी सेनानी पाएझच्या हाताखाली त्याच प्रजासत्ताकासाठी. जमिनीच्या आश्वासनापोटी त्याच्या हाती कागद आले आणि ते अधिकाऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी मातीमोल भावात विकत घेतले. पाएझ स्वतः मोठा जमीनदार आणि राष्ट्राध्यक्ष झाला. यापेक्षा चांगल्या तऱ्हेने हा विषय शिकवता येईल असे मला वाटत नाही.

दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा प्रमुख नेता सिमोन बोलिव्हार याच्यावरचा पाचवा शनिवार त्या मानाने नेहमीच्या व्याख्यानासारखा झाला, तरी बाईंनी त्याला ना देव्हाऱ्यात बसवले ना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बोलिव्हियाच्या १८२६ च्या घटनेत तहहयात राष्ट्राध्यक्षाची तरतूद त्यानेच केली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि १८३० मध्ये त्याचा विश्वासू सेनापती सुक्रे याचा खून, त्याने उभारलेल्या विशाल कोलंबिया प्रजासत्ताकाची फाटाफूट आणि सान्ता मार्ताजवळ अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला आलेला मृत्यू हेही तितक्याच आस्थेने सांगितले. मेक्सिकोला स्वतंत्र करून स्वतःच सम्राट झालेल्या इतुर्बिदेला पाच मिनिटे मिळाली, ती पुरेशी होती.

तक्रार शेवटच्या शनिवारची आहे. क्यूबा आणि फिलिपिन्स हे दोन्ही लढे दोन तासांत कोंबले गेले आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे स्पेन गेला तरी धनी उरला, घाईत निसटली. फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याने १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केले असतानाही डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या स्वाधीन केला. क्यूबात हस्तक्षेप करण्याचा अमेरिकेचा हक्क १९०१ पासून १९३४ पर्यंत कायम राहिला. एवढ्या मजकुराला पंधरा मिनिटे! फिलिपिनो लेखक आणि देशभक्त होसे रिझालला स्पॅनिशांनी मनिलात गोळ्या घातल्या त्या ३० डिसेंबर १८९६ ला मुंबई प्लेगने रिकामी होत होती आणि सहा महिन्यांनी पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. या दोन वसाहती शेजारी ठेवून पाहण्याची संधी मुंबईतील वर्गाने सोडायला नको होती. मेक्सिकोत शेतीसंशोधन करणारे वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांचे नावही कोठे आले नाही, याची चुटपुट लागली. टिपणांतील नकाशे इतके फिकट छापले आहेत की अँडीजची रांग शोधावी लागते, आणि एकाच नावाची तीन तऱ्हेची लेखने आढळतात.

आयोजकांना मी लेखी कळवले आहे की, पुढच्या वेळी क्यूबा आणि फिलिपिन्सला एकेक स्वतंत्र शनिवार द्यावा, त्यासाठी शुल्क चारशे रुपयांनी वाढले तरी चालेल. नाव नोंदवणाऱ्यांनी चौथा शनिवार कोणत्याही कारणाने चुकवू नये, आणि शक्यतो पुढच्या तीन रांगांत बसावे, कारण पंखे सुरू असले की बाईंचा आवाज मागे पोहोचत नाही.