मारुती ८०० चं भंगारातलं डिफरन्शियल कार्टच्या चेनवर: माल स्वस्त, घर महाग

घरगुती गो-कार्टला मागे डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) हवं आणि खिसा हलका असेल, तर मारुती ८०० च्या गिअरबॉक्समधल्या केजला, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर धरणाऱ्या फिरत्या डब्याला, तोड नाही. इंजिन आडवं असल्यामुळे या गाडीचं क्राउन (केजला फिरवणारं मोठं गिअर) तिरप्या दातांचं साधं चक्र आहे, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांसारखं बेव्हल (शंकूच्या आकाराचं) नाही. ते केजच्या सपाट फ्लँजवर बोल्टने बसतं. क्राउन उतरवलं की स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला (बाजारात 'सॉकेट' म्हणून मागा, लगेच कळतं), आयती बैठक मिळते.

ताकदीची काळजी नको. मारुतीचं इंजिन सुमारे ६० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि पहिल्या गिअरमध्ये तो दहा पटींहून जास्त होऊन या केजपर्यंत पोचतो. कार्टवर लावतात ते होंडा जीएक्स १६० हे छोटं इंजिन जेमतेम १० देतं. चेनचं रिडक्शन सहा पट धरलं तरी केजवर येणार साधारण ६०. दीडशे सीसीच्या बाइकचं इंजिन लावलं तरी सन-स्टार (केजमधले गिअर: सन शाफ्टला जोडलेले, स्टार त्यांच्या मधले) तुटायचे नाहीत. तुटतं ते आपण बनवलेलं काहीतरी.

घेताना केज टेबलावर ठेवा. एका बाजूचा सन गिअर फिरवला की दुसऱ्या बाजूचा उलटा फिरला पाहिजे, न अडकता. सन गिअर आत-बाहेर ढकलून पाहा; अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर मागचे वॉशर झिजलेत. केजच्या खिडकीतून टॉर्च मारून क्रॉस पिन (स्टार गिअर जिच्यावर फिरतात ती) बघा. तिच्यावर ओरखडे किंवा निळसर डाग दिसले तर तो केज खाली ठेवा: तेलाविना पळालेला आहे. पिन अडवणारी छोटी रोल पिन जागेवर आहे ना, हेही पाहा. बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे आतले जॉइंट त्याच गाडीचे, त्याच वेळी घ्या. नुसता केज स्वस्त पडतो, पण त्याच्या स्प्लाइनला (शाफ्ट अडकतो त्या खाचांना) जुळणारा शाफ्ट नव्याने बनवायचा तर टर्नर केजपेक्षा जास्त पैसे घेईल.

स्प्रॉकेट बसवताना बहुतेकांची एकच चूक होते: ते बोल्टच्या भोकांवर सेंटर करतात. क्राउन फ्लँजच्या उंचवट्यावर घट्ट बसलेलं असतं, बोल्ट फक्त दाबून धरतात. स्प्रॉकेटचं मधलं भोकही लेथवर त्याच मापाला कापा, सैलपणा फार तर ०.०५ मिमी. आटे क्राउनमध्ये असतील तर ते क्राउनबरोबरच गेले. ७ मिमी जाडीच्या स्प्रॉकेटमध्ये आटे पाडून भागत नाही, आरपार १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट लावा. डायल गेज (हेलकावा मोजायचं घड्याळ) लावून फिरवा: पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा दिसला तर चेन एका जागी ताठ, एका जागी ढिली होणार आणि तुम्ही उगाच टेन्शनरला दोष देणार.

दात किती? ४२ दातांचं, ४२८ नंबरच्या बाइक चेनचं स्प्रॉकेट घेतलं तर पिच व्यास (चेनच्या पिनांच्या वर्तुळाचा) १७० मिमी येतो. चेनच्या पट्ट्या पिच वर्तुळाच्या आत-बाहेर ६ मिमी जातात, म्हणून फ्लँज आणि बोल्टची डोकी मिळून १५५ मिमीच्या आत बसली पाहिजेत. खाली जमिनीकडेही लक्ष हवं. ११ इंची कार्ट टायरची त्रिज्या १४० मिमी. ४२ दातांवर चेनखाली ४९ मिमी उरतात, ६० दातांवर जेमतेम १३. पहिल्याच स्पीडब्रेकरला चेन घासेल.

खरा खर्च पुढे आहे: केजच्या घराचा, म्हणजे हाउसिंगचा. गाडीत हा केज तेलात बुडालेला असतो. कार्टवर उघडा लावला तर ग्रीस खिडक्यांतून उडून जातं, चेनची धूळ आत जाते आणि क्रॉस पिन खरवडते. उपाय: खिडक्यांवर २ मिमी पत्र्याची नळी घट्ट बसवून सांधे सीलंटने बंद करायचे, आत ईपी ०० प्रतीचं पातळ ग्रीस निम्म्यापर्यंत भरायचं आणि शाफ्ट बाहेर येतात तिथे ऑइल सील लावायचे. जाड चासिस ग्रीस भरू नका. फिरताना ते भिंतीला चिकटतं आणि गिअर कोरडे राहतात.

बेअरिंगची दोन घरं ८ मिमी प्लेटवर उभी करा, पण वेल्डिंग आधी आणि बोअर नंतर, दोन्ही एकाच सेटिंगमध्ये. उलट क्रमाने केलं की वेल्डची ओढ बोअर वाकडे करते. बेअरिंग टेपर असेल तर शिम (पातळ चकत्या) लावून प्रीलोड (थोडा कायमचा दाब) द्यावा लागेल. ढिलं सोडलं तर चेनच्या ओढीने केज तिरका होतो.

शाफ्ट मधोमध कापून वेल्ड करायचा मोह टाळा, जोडाशेजारी तडा जातो. अख्खे शाफ्ट हबसकट वापरा. डावा-उजवा सारख्या लांबीचे नसतात, म्हणून केज मध्यापासून फरकाच्या निम्म्याने सरकतो. सीट आखण्याआधीच हे मोजा. १२ इंची मूळ चाकं ठेवलीत तर टायरचा परीघ १.६ मीटर येतो, कार्ट टायरच्या सुमारे १.८ पट. त्या हिशेबाने दात वाढवा, नाहीतर क्लच जळतो. उंच चाकामुळे ६० दातही तेव्हा चालतात.

ब्रेक एकाच शाफ्टवर लावू नका. डिस्क केजवर तरी लावा किंवा दोन्ही चाकांवर वेगळी. केजवर लावली आणि एक चाक वाळूत असेल तर ते उलटं फिरतं, पकड असलेलं चाकही नीट थांबत नाही. दोन डिस्क उत्तम.

रेसिंग कार्टला मात्र हे घेऊ नका. तिथे कॅस्टरमुळे (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग पिनच्या तिरकेपणामुळे) वळणात आतलं मागचं चाक उचललं जातं आणि सरळ अ‍ॅक्सल त्यावरच चालतो. हे डिफरन्शियल लावलं तर उचललेलं चाक हवेत गरगरतं आणि कार्ट रांगते. सन-स्टार वेल्ड करून लॉक करणारेही भेटतात. त्यापेक्षा ३० मिमीचा साधा अ‍ॅक्सल हलका आणि स्वस्त. सावकाश, घट्ट वळणं घेणारी जड घरगुती कार्ट, फार्मवरची बग्गी, मोठी चाकं: तिथे हा केज घ्या. पहिल्या तासाभराच्या चालीनंतर स्प्रॉकेटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा; नवीन बैठक दबते, ते ढिले झालेले असतातच.