अस्सल डब्यातली परकी काडतुसं

टेक्सासात गन शोला, म्हणजे बंदुका-काडतुसांच्या बाजाराला, जाणारी मराठी मंडळी मला वाटत होतं त्यापेक्षा बरीच निघाली, म्हणून हे लिहितोय. नाहीतर स्वतःचा गाढवपणा चारचौघांत सांगायची हौस कुणाला असते!

माझ्याकडे रायफल एकच, थर्टी-ऑट-सिक्स मापाच्या काडतुसाची. हरणाला, रानडुकराला झकास. पण ज्या मित्राच्या रँचवर मी जातो तिथे कोयोटी करडं उचलायला लागले, आणि तेवढ्याशा जनावरावर 180 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घालायची म्हणजे खांदा फुकट दुखवून घ्यायचा. दुसरी, लहान रायफल घ्यायचा विषय घरी काढला. बायकोने नुसतं बघितलं. मग मला सॅबो आठवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेमिंग्टन कंपनीने 1977 साली अ‍ॅक्सलरेटर नावाची काडतुसं आणली होती. काडतूस थर्टी-ऑट-सिक्सचंच, पण तोंडाशी जाड गोळीच्या जागी प्लास्टिकची पाकळ्यांची वाटी आणि त्या वाटीत बसवलेली .224 इंची, 55 ग्रेनची बारीक गोळी. ही वाटी म्हणजे सॅबो. नळीतले आटे प्लास्टिकला धरतात, प्लास्टिक गोळीला धरून फिरवतं, आणि नळीबाहेर पडलं की पाकळ्या उमलून मागे गळतात. गोळी एकटी पुढे जाते. कंपनीचा आकडा होता सेकंदाला 4080 फूट. साधी 150 ग्रेनची गोळी 2900च्या आसपास जाते. रणगाड्याच्या चिलखतभेदी गोळ्यातही तत्त्व हेच. अचूकतेबद्दल मात्र या काडतुसांचं फारसं कौतुक कधी झालं नाही, आणि कंपनीने ती बनवणं केव्हाच बंद केलं. म्हणजे आता जे मिळतं ते जुनं, कुणाच्या तरी कपाटातलं. माझ्यासारखे हौशे इथेच सापडतात.

शोमध्ये कोपऱ्यातल्या एका टेबलावर तो हिरवा-पिवळा डबा दिसला. डबा अस्सल, याबद्दल मला आजही शंका नाही. विकणारा साठीचा, मृदू बोलणारा गृहस्थ. "वडिलांच्या कपाटात सापडली, मला काय करायचीत," म्हणाला. झाकण उघडून दाखवलं. वीस काडतुसं टोकं वर करून उभी, पांढऱ्या प्लास्टिकमधून बारीक गोळ्या डोकावतायत. दीडशे सांगितले, एकशे दहा डॉलरवर तुटलं. रोख. पावती मागितली तर हसला, आणि मीही हसलो! एकही काडतूस उपसून त्याचा पेंदा बघितला नाही. भाजी घेताना मी वांगी उलटीपालटी करून घेतो.

पुढच्या शनिवारी रेंजवर गेलो, शंभर यार्डांवर कागद लावला. पहिली गोळी चार इंच डावीकडे. ठीक, पहिलीच होती. दुसरी तिच्यापासून नऊ इंच खाली, आणि भोक गोल नव्हतं, लांबट. म्हणजे गोळी कोलांट्या खात आडवी लागली होती. तिसरी कागदावरच नाही. शेजारच्या बाकावरचा म्हातारा दुर्बिणीतून बघत होता, तो म्हणाला, हवेत राखाडी धूर दिसला. मला काही कळेना. चौथीनंतर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उघडेना. तळहाताने ठोकून उघडला तेव्हा बाहेर पडलेल्या केसचा, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याचा, प्रायमर (पेंद्यातली ठिणगी पाडणारी टिकली) सपाट झाला होता. बोल्ट असा अडकणं आणि प्रायमर चेपणं म्हणजे आतला दाब हद्दीबाहेर गेल्याची खूण. माझं तोंड बोल्टपासून वीतभर होतं.

म्हाताऱ्याने उरलेली सोळा आपल्या गॅरेजमध्ये नेली आणि एकेक उकलली. तो चाळीस वर्षं घरी काडतुसं भरतोय. त्याने आधी नुसते पेंदे माझ्यापुढे धरले. तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे शिक्के. कारखान्यातून भरलेल्या एका डब्यात असं होत नाही. आणि दोन केसवर "एलसी 67". म्हणजे लेक सिटीचा सैनिकी कारखाना, साल 1967. जे काडतूस 1977 मध्ये जन्माला आलं, त्याची केस दहा वर्षं आधीची!

आत आणखी मजा. काहींत दारूचे बारीक गोल दाणे, काहींत काडीसारखे तुकडे. वजनात चार ग्रेनपर्यंत फरक. दोन सॅबोंच्या पाकळ्या आधीच तडकलेल्या. गोळ्या निम्म्याच 55 ग्रेनच्या, बाकी 40 ग्रेनच्या पातळ कवचाच्या. माझ्या नळीत आट्यांचा दहा इंचाला एक फेरा आहे, म्हणजे 4080 फुटांच्या वेगाला मिनिटाला जवळजवळ तीन लाख फेरे. पातळ कवचाची गोळी एवढ्या फिरकीने वाटेतच फुटते. राखाडी धुराचं कोडं सुटलं. "तुझ्या नळीला मझल ब्रेक नव्हता हे नशीब," म्हातारा म्हणाला. मझल ब्रेक म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी बसवतात तो भोकांचा तुकडा. सॅबो ब्रेकच्या आतच उमलला की काय होतं ते त्याने एकदा पाहिलंय.

आयोजकांना फोन केला. आम्ही टेबलं भाड्याने देतो, मालाचं विक्रेत्याशी बघा. विक्रीसाठी काडतुसं भरायला इथे केंद्रीय परवाना लागतो, पण "वडिलांच्या कपाटात सापडली" म्हणणाऱ्याला तो विचारणार कोण? पुढच्या शोला त्या टेबलावर मधाच्या बाटल्या होत्या.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म काढलेल्या काकांना सगळं सांगितलं. ते आधी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, आमच्याकडे प्रत्येक लॉटचा नंबर असायचा. तू कुणाच्या हातची दारू तोंडाजवळ फोडलीस हे तुला माहीत तरी होतं का?" नव्हतं. नळीतले प्लास्टिकचे पट्टे काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या, ते त्यांना सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात ही कथा रेंजवर सांगत होतो, तर एकाने विचारलं, डबा आहे का अजून? तीस डॉलर देतो. काडतुसं नकोत, नुसता डबा.

घरी येऊन मी तो कात्रीने कापला.