हॅप योजना : भाडे वेळेवर पोचते, घर मात्र भाडेकरूनेच शोधायचे

आयर्लंडमध्ये ज्यांना खासगी घराचे भाडे परवडत नाही, त्यांना समाजकल्याण खाते अनेक दशके ‘रेंट सप्लिमेंट’ हा भत्ता देत आले आहे. अडचणीच्या काळापुरता म्हणून सुरू झालेल्या या भत्त्यावर सरकारी घरांच्या तुटवड्यामुळे असंख्य कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. अशा कुटुंबांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, सोपवण्यासाठी २०१४ च्या कायद्याने ‘हाउसिंग असिस्टन्स पेमेंट’, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘हॅप’, आले. लिमरिकपासून सुरू झालेली ही योजना मार्च २०१७ मध्ये डब्लिनसह देशभर लागू झाली. सेवा म्हणून ती कितपत खरी उतरते, हे येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही जाणून घ्यावे, कारण त्यांच्यात भाडेकरूही आहेत आणि घरमालकही.

योजनेची सर्वांत मोठी आणि निर्विवाद जमेची बाजू नोकरीशी संबंधित आहे. रेंट सप्लिमेंट घेणाऱ्याने आठवड्याला तीस तास किंवा त्याहून अधिक काम स्वीकारले की भत्ता बंद होत असे. त्यामुळे पूर्णवेळ नोकरी मिळूनही घर धोक्यात येण्याची भीती असे. हॅपमध्ये ही अट नाही. भाडेकरू उत्पन्नाच्या प्रमाणात ठरलेला हिस्सा कौन्सिलला देतो, उत्पन्न वाढले की हिस्साही वाढतो आणि कौन्सिल घरमालकाला दरमहा थेट भाडे देते. ही देणी लिमरिकमधील एकाच केंद्रातून होतात. घरमालकाच्या दृष्टीने हा भाग खरोखर चांगला बांधलेला आहे. एक गोष्ट मात्र भाडेकरूने पक्की लक्षात ठेवावी : आपला हिस्सा थकला, तर कौन्सिल घरमालकाला देणे थांबवू शकते आणि मग पूर्ण भाड्याचा भार आपल्यावरच येतो.

भाड्याच्या कमाल मर्यादांबाबत मात्र मला ही योजना अपुरी वाटते. २०१६ मध्ये डब्लिन शहरात एक मूल असलेल्या कुटुंबासाठी महिन्याला १,२५० युरो ही मर्यादा ठरली. जुलै २०२२ पासून कौन्सिलला आपल्या अधिकारात ३५ टक्क्यांपर्यंत वाढ देता येते, म्हणजे ती सुमारे १,६८७ युरोपर्यंत जाते. परंतु ही वाढ आपोआप मिळत नाही. त्यापुढची तफावत अनेक कुटुंबे गुपचूप स्वतःच्या खिशातून भरतात. ज्यांचे उत्पन्न कमी आहे हे शासनानेच मान्य केले आहे, त्यांच्यावर अशी वेळ यावी हे अन्यायाचे आहे. शिवाय नेहमीच्या हॅपमध्ये डिपॉझिटची सोय नाही, आणि सुरुवातीला एकरकमी पैसे उभे करणे हाच अनेकांपुढचा खरा अडसर असतो.

१ जानेवारी २०१६ पासून भाडेकरू हॅपवर आहे एवढ्याच कारणाने त्याला घर नाकारणे बेकायदा आहे आणि त्याविरुद्ध भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन या सरकारी संस्थेकडे दाद मागता येते. या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु एका घरासाठी अर्जांचा ढीग पडतो तेव्हा नकाराचे खरे कारण सिद्ध करणे फार कठीण असते.

माझा मुख्य आक्षेप आणखी खोल आहे. याच उद्देशाने २००४ मध्ये आलेल्या ‘रेंटल अ‍ॅकॉमोडेशन स्कीम’मध्ये कौन्सिल घरमालकाशी स्वतः करार करते, आणि मालकाने घर काढून घेतले तर दुसऱ्या निवाऱ्याची जबाबदारी कौन्सिलकडेच राहते. हॅपमध्ये घर शोधायचे भाडेकरूने, आणि मालकाने ते विकायला काढले की पुन्हा शोधायचेही त्यानेच. असे असूनही हॅप मिळताच त्या कुटुंबाची घराची गरज ‘भागली’ अशी नोंद होते आणि सरकारी घरांच्या मुख्य प्रतीक्षायादीतून त्याचे नाव वगळले जाते. विक्रीच्या एका नोटिशीने जे घर हातचे जाऊ शकते, त्याच्या भरवशावर गरज भागली असे म्हणणे मला मान्य नाही.

म्हणून रेंट सप्लिमेंटवरून हॅपवर जाणाऱ्यांनी अर्जाच्या वेळीच कौन्सिलच्या बदली यादीत (हॅपवर असलेल्यांना सरकारी घर मिळण्यासाठीच्या वेगळ्या यादीत) नाव घालण्याची लेखी विनंती करावी आणि आधीच्या यादीतील प्रतीक्षेचा काळ नव्या यादीत धरला आहे, याचे लेखी उत्तर मागून घ्यावे.