हिरवं कपाट सागवानी करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आजीचं कपाट, वय माझ्याहून जास्त, वर ऑइल पेंटचे चार थर आणि सगळ्यात वरचा एकदम दवाखान्याचा हिरवा. मला ते सागवानी दिसायला हवं होतं. आधी जळगावातच एकाला काम दिलं, त्याने धड घासलंही नाही, सरळ मेलामाइन (लाकडावर मारतात ते चकचकीत पॉलिश) मारून मोकळा, त्याच्या थिनरने खालचा पेंट उचलला आणि उडदाचा पापड भाजल्यासारखे फुगे आले. ते पैसे गेले.

मग भुसावळचे एक पॉलिशवाले मामा मिळाले. (नाव-नंबर टाकत नाही, लग्नसराईत आणखी फोन नको असं त्यांनीच बजावलंय.) त्यांनी कपाट आतून नखाने खरवडलं आणि म्हणाले, "दरवाजे सागाचे आहेत भो, पण बाजू न पाठ साधं लाकूड. सगळा रंग काढला तर अर्धं गोरं अर्धं सावळं दिसंल. पेंटवरच लाकडासारख्या रेषा ओढू." पूर्ण खरवडायचं महागडं काम माझ्या गळ्यात मारता आलं असतं ना, पण साडेसहा हजार सांगितले. इथेच मी खूश.

आता स्टेन (लाकडाला रंग देणारं पातळ द्रावण) लाकडात मुरतो पण पेंटवर मुरणार कुठे, तर तो वर बसवावा लागतो. आधी सोड्याच्या पाण्याने धुतलं, मग वॉटर पेपरने (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाणी मारत मारत चकाकी घालवली. कोरडं घासायचं नाही, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, भूकटी नाकात जाते. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आणि आमचा हिरवा त्याच्या कितीतरी आधीचा. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, बदामी रंगाचा कोट दिला, एक दिवस सोडला. मग अक्रोडी ऑइल स्टेन, आणि कोरड्या कडक ब्रशने वरून खाली एका दमात ओढायचं, मध्ये थांबलात की जोड दिसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला, स्टेन ब्रशवरच वाळायला लागतो, म्हणून मामा सकाळी सहाला हजर आणि स्टेनमध्ये थोडं अळशीचं तेल, त्याने वाळायला वेळ लागतो. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका हं, आपोआप पेट घेतात, मामा बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचे. शेवटी ऑइलवाल्या क्लिअर वार्निशचे दोन हात. मेलामाइनचं नावही काढलं नाही.

दोन हातांवरून बघाल तर सागवान. जवळ गेलात तर कळतं, दोन्ही दरवाज्यांवर गाठ अगदी सारखी आहे, झाड काय झेरॉक्स मारत नाही. डाव्या बाजूला एक जोडही दिसतो, तिथे फोन आला होता मामांना. आणि चार दिवस म्हणाले ते नऊ लागले.

तरी काम द्या, पण पूर्ण पैसे शेवटीच द्या. मी आधीच देऊन बसलो. खालच्या खणाच्या कडेला हिरवा अजून डोकावतोय, तेवढ्यासाठी बोलावलंय, "उद्या येतो" म्हणाले, आज तिसरा उद्या आहे.