मथुरेचे पेढे, बेळगावचा कुंदा

बेळगाव आणि आसपासच्या गावांत दुकान किंवा घरगुती उद्योग चालवणाऱ्या, वेबसाइट काढायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. पैसे घेऊन पळणारा लवकर ओळखू येतो. आमच्याकडे आलेला पळाला नाही. ठरल्या तारखेला त्यानं काम आणून दिलं, म्हणून तर फसवणूक कळायला इतका वेळ लागला.

शहापुरात आमच्या काकांचं कुंद्याचं दुकान आहे. गोव्याला जाणारे-येणारे थांबतात, लग्नसराईत मोठ्या ऑर्डरी असतात आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली बेळगावची माणसं कुरिअरनं मागवतात. ही शेवटची गिऱ्हाइकं वाढावीत म्हणून वेबसाइट हवी होती. हा गृहस्थ ओळखीतून आला. आपल्याकडचंच बोलणं. "काका, काळजी करू नका की ओ, गूगलवर पहिल्या नंबरला आणतो." साइट आणि मजकूर मिळून २८ हजार, निम्मे आधी, तेही फोनवरून त्याच्या स्वतःच्या खात्यात. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. ते वाचायला कोण जातो म्हणा.

नंतर त्यानं कन्नड पानाचे सहा हजार वेगळे मागितले. कारण काय, तर ६० टक्के कन्नडचा कायदा आलाय, साइटवर कन्नड नसेल तर नोटीस येईल. सीमाभागातल्या मराठी दुकानदाराला घाबरवायला हे एक वाक्य पुरतं. कर्नाटकात २०२४ साली केलेला तो बदल दुकानाच्या नामफलकासाठी आहे. वेबसाइटच्या मजकुराचा त्यात विषय नाही. कन्नड गिऱ्हाईक आपलंच आहे, पान असायलाच हवं, पण ते भीतीपोटी विकत घ्यायचं नसतं. शिवाय मिळालेलं पान मशीनकडून भाषांतर करून घेतलेलं होतं. गल्लीतल्या कन्नड शाळेच्या बाईंनी दोन ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

या माणसानं काकांना काहीच विचारलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. किलोचा भाव काय, कुंदा बाहेर किती दिवस टिकतो, पार्सल कुठवर पाठवता, लग्नाची ऑर्डर किती आधी द्यावी लागते, पाटीवरचं साल खरं का, काही म्हणजे काही नाही. बोर्डाचा आणि डब्याचा फोटो काढला, चहा प्याला, "कंटेंट माझ्यावर सोडा" म्हणाला आणि गेला.

कंटेंट आलं ते असं: "गुणवत्तेचा वारसा आणि विश्वासाची परंपरा जपत, आमची अनुभवी टीम ग्राहकांच्या समाधानासाठी सदैव कटिबद्ध आहे." काकांना आवडलं. कानाला भारदस्त लागतंच. टीम म्हणजे काका, काकी आणि कढईवरचे दोन आचारी. फोन मात्र पूर्वीसारखेच येत राहिले: भाव काय, मुंबईला किती दिवसांत पोचेल, रविवारी उघडं असतं का. साइट बघून फोन करणाऱ्यालाही हेच विचारावं लागत असेल, तर त्या मजकुराचा उपयोग काय?

चोरी उघड केली माझ्या चुलतबहिणीनं. तिसऱ्या पानावर तिला वाक्य दिसलं: "ब्रजभूमीतल्या गाईंच्या दुधापासून." बेळगावच्या कुंद्यात ब्रजभूमी कुठून आली? तिनं साइटच्या इंग्रजी मजकुरातलं तेच वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं. उत्तरेतल्या एका पेढेवाल्याची साइट जशीच्या तशी समोर आली. पेढ्याच्या जागी कुंदा घातला होता, मथुरेच्या जागी बेळगाव; ब्रजभूमी तेवढी बदलायची राहिली. "आमचे समाधानी ग्राहक" म्हणून दाखवलेल्या हुबळीच्या बाईंचा फोटोही दुसरीकडे कुठल्या तरी दातांच्या दवाखान्याच्या पानावर निघाला. आणि पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत "बेस्ट कुंदा बेळगाव" वीसेक वेळा. अशा लपवलेल्या मजकुराला गूगल स्पॅम धरतं, त्यामुळे साइट वर जायच्या ऐवजी खाली जाण्याचीच सोय झाली होती.

मला खरी भीती वाटली ती एका ओळीची: "मधुमेहींसाठीही सुरक्षित." दूध आटवून त्यात साखर ओतून तपकिरी होईस्तोवर परतलेला पदार्थ, आणि मधुमेहींसाठी सुरक्षित! कुणी विश्वास ठेवून खाल्ला असता तर? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि साइटवर नाव दुकानाचं असतं, लिहिणाऱ्याचं नव्हे. "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक" हे शब्दसुद्धा कसे वापरायचे याच्या अटी २०१८ च्या नियमांत आहेत. आम्ही त्याच रात्री ती ओळ काढायला सांगितली.

तेव्हा त्याचा खरा चेहरा दिसला. बदलाचे वेगळे पैसे. आधी उरलेली निम्मी रक्कम. मागे लागल्यावर साइटच बंद. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, पासवर्ड त्याच्याकडे. वर म्हणतो, मजकुराचा कॉपीराइट माझा! पेढेवाल्याचा चोरलेला मजकूर, आणि हक्क याचा. पण कायद्याचा हा भाग प्रामाणिक लेखकाबाबतही लक्षात ठेवा. बाहेरच्या माणसानं लिहिलेल्या मजकुराचा हक्क नुसते पैसे दिल्यानं आपल्याकडे येत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखी, त्याच्या सहीनं घ्यावा लागतो. डोमेन आपल्या ईमेलवर, आपल्या नावावर आपणच घ्यावं. त्याला मोठा खर्च येत नाही.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तेव्हा एकानं सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार चालत नाही. हे अर्धं खरं आहे. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सूट आहे, सेवेचं तिथं स्पष्ट लिहिलेलं नाही; आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. लेखी करार नव्हता. व्हॉट्सॲपचे मेसेज, पैसे दिल्याच्या नोंदी आणि दोन्ही साइटच्या पानांचे फोटो जोडले. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली. निकाल लागायचा आहे.

दरम्यान मजकूर आम्हीच लिहिला. काकींनी फोनवर येणारे प्रश्न वहीत उतरवले आणि तीच साइट झाली. पहिलीच ओळ: "अर्धा किलो, एक किलो, आजचा भाव खाली. बाहेर चार दिवस टिकतो, फ्रिजमध्ये जास्त. गोव्याला जाताना घेणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा." खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, दुकानाची वेळ आणि पत्ता. विशेषण एकही नाही. भाव विचारणारे फोन कमी झाले, ऑर्डरीचे येतात.

तो मनुष्य अजून फिरतोय. निपाणीकडच्या एका चप्पलवाल्याच्या साइटवर "अनुभवी टीम"चा तोच परिच्छेद बहिणीला सापडला. त्यांना फोन केला. त्यांचे निम्मे पैसे द्यायचे बाकी होते, ते त्यांनी थांबवले.