‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’: स्टार भूमिकेच्या कामी येतो तेव्हा

पाटीवर मालिकेतला चेहरा असला की बालगंधर्वला किंवा यशवंतरावला जुन्या नाटकाचे पहिले प्रयोग भरतात. नाटक उभं राहिलंय की नुसतं नाव, ते नंतर कळतं. लंडनच्या यंग विक थिएटरमध्ये २०१४ साली बेनेडिक्ट अँड्र्यूजनं बसवलेल्या, टेनेसी विल्यम्सच्या ‘स्ट्रीटकार’चं चित्रीकरण बघताना हाच प्रश्न मनात ठेवावा. तेंडुलकरांच्या ‘वासनाचक्र’ या भाषांतरामुळे गोष्ट मराठी वाचकाच्या ओळखीची आहे: घर गमावलेली ब्लांश धाकटी बहीण स्टेला आणि तिचा नवरा स्टॅन्ली यांच्याकडे राहायला येते. ब्लांशच्या भूमिकेत जिलियन अँडरसन, म्हणजे ‘एक्स-फाइल्स’ या मालिकेतली स्कली.

स्कलीचा तो थंड, तोललेला चेहरा इथे अडचण ठरत नाही, भांडवल ठरतो. ब्लांश स्वतःच एका प्रतिमेवर जगते. गेलेलं घर, गेलेली इभ्रत, चोरून घेतलेली व्हिस्की आणि उजेडाची भीती, सगळं ती अदबीखाली झाकते. ज्या नटीचा रुबाब प्रेक्षकानं आधीच गृहीत धरलाय, तिचा तोल जाताना बघणं जास्त लागतं. अँडरसन सुरुवातीला वाक्यं भरभर, जरा वरच्या पट्टीत बोलते, विनोदाच्या जागा अचूक घेते. म्हणूनच पुढची पडझड खरी वाटते.

मॅग्दा विलीचा सेट म्हणजे चहूबाजूंनी उघडा, लांबट सांगाडा, प्रेक्षक भोवताली. ब्लांशनं पहिला पेला घेतला की तो फिरू लागतो. आपल्याकडे फिरता रंगमंच दृश्य बदलायला वापरतात, इथे तो दृश्य चालू असतानाच फिरतो. त्यामुळे नटाला ‘समोर’ उरत नाही. पुढे येऊन वाक्य टाकायचं आणि टाळी घ्यायची, ही सोयच काढून घेतलीय. अर्धा वेळ पाठ दिसते, मध्ये खांब येतात. मोठ्या नावाला संहितेत बांधून ठेवायचा इतका नेमका उपाय क्वचित दिसतो.

वयाचा हिशेब मात्र चुकतो. संहितेत ब्लांश स्टेलापेक्षा सुमारे पाच वर्षांनी मोठी. इथे अँडरसन ४६ची आणि स्टेला झालेली व्हेनेसा कर्बी २६ची. १९४७च्या मूळ प्रयोगातली ब्लांश, जेसिका टँडीही ३८ची होती, त्यामुळे ब्लांशचं वय वाढवणं नवं नाही. पण वीस वर्षांचं अंतर पडलं की बहिणींमधली बरोबरी जाते. स्टेला ताईचं ऐकून घेते ते मावशीचं ऐकावं तसं. कर्बी उत्तम आहे, तरी ही फट बुजत नाही. बेन फॉस्टरचा स्टॅन्ली दांडगा, ही भूमिका आधी गाजवलेल्या मार्लन ब्रँडोची नक्कल न करणारा, पण त्याच्यात गंमत कमी. स्टॅन्लीचं आकर्षण पटलं नाही तर स्टेला का थांबते ते कळत नाही. शिवाय कपडे आजचे आणि संवाद १९४७चे, त्यामुळे ब्लांश मदतीसाठी तार (टेलिग्राम) करू पाहते तो प्रसंग अडखळतो.

चित्रीकरणाचा दोष वेगळा. दिग्दर्शकानं काढून घेतलेलं ‘समोर’ कॅमेरा स्टारला परत देतो. क्लोजअप बहुतेक अँडरसनचे. त्या वेळी स्टेला काय करते ते सुटतं. सेटच्या फिरण्याची संथ गतीही शॉट बदलत राहिल्यानं तुटते.

घरी बघायचं तर ‘नॅशनल थिएटर अ‍ॅट होम’ या ऑनलाइन सेवेवर शोधा. तिथली यादी बदलत असते, म्हणून आधी नाटक आहे याची खात्री करा, मग पैसे भरा. मोबाइलवर बघू नका, सेटची लांबी कळणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा इंग्रजी हेल जड जातो, सबटायटल असतील तर सुरू ठेवा. दृश्यबदलाला संगीत एकदम चढतं. रात्री सोसायटीत स्पीकर लावणार असाल तर हात रिमोटवर असू द्या. सुमारे तीन तास लागतात, मध्यंतर स्वतः पाळा.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करणाऱ्या किंवा सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत नाटक बसवणाऱ्या मंडळींनी नववं दृश्य दोनदा बघावं. ब्लांशशी लग्नाचा विचार करणारा, स्टॅन्लीचा मित्र मिच दिव्यावरचा कागदी कंदील फाडतो तो प्रसंग. पहिल्यांदा अँडरसनकडे बघा. दुसऱ्यांदा मिच झालेल्या कोरी जॉन्सनकडे बघा: तो किती कमी करतो, आणि तिचं मोठं काम त्या कमीवर कसं उभं राहतं.