रायडिंग मोवर सुरू होत नाही? मल्टिमीटर किती कामाचा

रायडिंग मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) असेल तर साधा ऑटोरेंज (मोजायची पट्टी आपोआप निवडणारा) डिजिटल मल्टिमीटर नव्या बॅटरीच्या आधी घ्यावा. किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ झालं की लोक आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, म्हणजेच ‘सेल्फ’). दोष मात्र पुष्कळदा गंजलेल्या अर्थ वायरीत (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनकडे जाणारी) किंवा सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) जळलेल्या काँटॅक्टमध्ये निघतो. तो पकडायला हा मीटर उत्तम आहे, पण मोजायची वेळ चुकली तर तोच फसवतो.

मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही. त्यामुळे वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. सेल्फला लागणारा करंट त्या धाग्यातून जाऊच शकत नाही. म्हणून खरं मोजमाप सेल्फ मारताना घ्यायचं. त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून जंपर वायरने इंजिनच्या धातूला अर्थ करा (दोन सिलिंडर असतील तर दोन्ही टोप्या), गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

चार्जिंग काढून काही तास झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मोजमापं वाया जातात. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर संशय बॅटरीवर. तो वर राहतो आणि सेल्फ तरी मंद फिरतो, तर व्होल्टेज वाटेत कुठे गळतंय ते शोधायचं. मीटरचा लाल प्रोब (मोजायचं टोक) बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच), काळा स्टार्टरच्या बोल्टवर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मायनस खांब ते इंजिन ब्लॉक हे अंतर याहून कडक तपासा: ०.३ च्या वर गेलं की अर्थची वायर सोडून दोन्ही टोकं चकचकीत घासायची. या एका तपासणीसाठीसुद्धा मीटरची किंमत वसूल होते.

सोलेनॉइडचंही तसंच. ‘टक’ झाल्यावरही त्याच्या दोन जाड बोल्टांमध्ये १२ व्होल्ट तसेच राहिले तर आतला काँटॅक्ट जळलाय. ‘टक’ही होत नसेल तर किल्ली फिरवून धरताना त्याच्या बारीक टर्मिनलवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज, किल्लीचा स्विच, ब्रेक पेडलचा स्विच, पात्यांचा स्विच या क्रमाने मागे जा. सीटखालच्या स्विचला उगाच आधी दोष दिला जातो. बऱ्याच मॉडेलांत त्याचं काम सीट रिकामी असताना ब्रेक सोडला किंवा पाती चालू असली तर इंजिन बंद करण्याचं असतं. कोणताही सेफ्टी स्विच कायमचा बायपास करून ठेवू नका. सीटवरून उतरल्यावर पाती फिरत राहणं जिवावर बेततं.

घेताना मिन-मॅक्स बटण असलेला मीटर निवडा. सेल्फ मारताना पडलेला सर्वांत खालचा आकडा तो धरून ठेवतो. सोबत येणाऱ्या प्रोब बहुधा कुचकामी. मगरपकडीच्या क्लिप वेगळ्या घ्याच, कारण किल्ली फिरवणारा माणूस सीटवर असतो, प्रोब धरायला हात मोकळा नसतो. मीटरची लाल वायर करंट मोजायच्या १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब बॅटरीला लावल्या, तर थेट शॉर्ट होतो. सेल्फचा करंटही त्या भोकातून मोजायचा नसतो.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तिथे मीटरचा उपयोग कमी. कार्बोरेटरखालच्या इंधन सोलेनॉइडला (इंधन सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किल्ली चालू केल्यावर १२ व्होल्ट मिळतात का, एवढं कळतं. ठिणगी मीटरने तपासू नका, हजारो व्होल्टांनी तो जळेल. त्यासाठी स्पार्क टेस्टर वेगळा मिळतो. मॅग्नेटो कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज बनवणारी कॉइल) बारीक वायरीला बॅटरीचा करंट चुकूनही देऊ नका.

एका दोषात मात्र मीटर हमखास चुकीच्या वाटेला लावतो. इंजिन अर्धा फेरा घेऊन अडतं, व्होल्टेज धाडकन पडतं आणि बॅटरी बदलली जाते. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप वाढल्यामुळे कॉम्प्रेशन रिलीज (सेल्फ मारताना सिलिंडरमधला दाब कमी करणारी सोय) काम करत नसेल, तर चांगल्या बॅटरीवरही असंच होतं. तिथे फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) काढायचा आणि गॅप इंजिनच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायची.